सामायिक ड्राइव्ह : कार्यालयाचे नवे दप्तर

(कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आजचा आपला विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. एकाच कार्यालयात काम करणाऱ्या माणसांनी संगणकावरील कागद एकमेकांना कसे द्यावेत व एकमेकांकडून कसे घ्यावेत, एवढाच तो विषय. तथापि ज्यांनी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात काही वर्षे काढली आहेत त्यांना हे सांगावयास नको की, कागद तयार करण्यापेक्षा तो योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती पडणे हेच पुष्कळदा अधिक कठीण असते. संगणक आले, टंकलेखन यंत्रे गेली, कार्बन कागद गेला. पण ही अडचण गेलेली नाही. काही ठिकाणी तर ती वाढली आहे, असेच म्हणावे लागेल.

संगणकावरील कागद आपण आज एकमेकांना कसा देतो? कोणी तो पेन ड्राइव्हवर घालून शेजारच्या टेबलावर नेतो, कोणी ई-मेलने पाठवितो, कोणी भ्रमणध्वनीवरील संदेशातून धाडतो. यातील प्रत्येक मार्ग सोयीचा वाटतो, आणि एखाद्या वेळेपुरता तो सोयीचा असतोही. परंतु या सर्व मार्गांत एक दोष समान आहे. कागद दुसऱ्याला दिला की त्याची आणखी एक प्रत तयार होते. कागदी नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली म्हणजे ती पहिल्या टेबलावर उरत नाही. संगणकावरील फाईल मात्र दोन्हीकडे राहते. पाच जणांकडे गेली की तिच्या सहा प्रती होतात, आणि त्या सहाही प्रती स्वतंत्रपणे बदलू लागतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या तालुक्यात अवकाळी पाऊस झाला, पिके आडवी झाली, गावोगावी पंचनामे झाले. गावनिहाय तक्ते तालुक्याच्या कार्यालयात आले आणि तेथे एका लिपिकाने त्यांचा एकत्रित तक्ता तयार केला. तो त्याने तपासणीसाठी वरिष्ठांकडे ई-मेलने पाठविला. दुसऱ्या दिवशी एका गावाहून कळले की, चार शेतकऱ्यांची नावे राहून गेली आहेत. लिपिकाने ती आपल्या संगणकावरील तक्त्यात घातली. दरम्यान वरिष्ठांनी आपल्याकडे आलेल्या जुन्या तक्त्यात काही क्षेत्रांचे आकडे दुरुस्त केले आणि तोच तक्ता पुढे पाठविला. आता दोन तक्ते झाले. एकात नावे पूर्ण आहेत पण आकडे चुकीचे आहेत, दुसऱ्यात आकडे बरोबर आहेत पण चार नावे नाहीत. या दोघांपैकी कोणीही आळस केलेला नाही, कोणी लबाडी केलेली नाही. दोघांनीही आपले काम प्रामाणिकपणे केले आहे. तरीही चार कुटुंबांना मदत मिळावयाची राहते; आणि त्यांच्यापैकी एखादी विधवा भगिनी कचेरीत येऊन विचारते, ‘माझे नाव कुठे गेले?’, तेव्हा तिला देण्यासारखे उत्तर कोणाजवळच नसते.

अशी वेळ येऊ नये म्हणून जी व्यवस्था आहे, तिचे नाव सामायिक ड्राइव्ह.

सामायिक ड्राइव्ह म्हणजे काय?

कार्यालयातील सर्व संगणक तारेने किंवा बिनतारी जोडणीने एकमेकांशी जोडलेले असतात. त्यांत सर्व्हर नावाचा एक संगणक असा ठेवतात की, त्याच्या साठवणीचा काही भाग इतरांना आपापल्या संगणकावरून उघडता यावा. आपल्या पडद्यावर तो एखाद्या स्वतंत्र कप्प्यासारखा दिसतो. तेथे ठेवलेली फाईल आपण उघडली, तर ती आपल्या संगणकावरची नसते. ती त्या एका सामायिक जागी असते. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने उघडली तरी तीच फाईल उघडते. प्रत एकच, जागा एकच, वाचणारे अनेक. या पद्धतीचे सारे मर्म एवढ्यात आले.

ही कल्पना नवीन नाही. १९८३ साली आयबीएम कंपनीचा जो व्यक्तिगत संगणक बाजारात आला, त्याच्या हार्ड डिस्कची क्षमता अवघी १० मेगाबाइट होती. आज भ्रमणध्वनीने काढलेली दोन-तीन छायाचित्रेही तेवढी जागा व्यापतात. साठवण इतकी महाग असताना प्रत्येक टेबलाला ती स्वतंत्र देणे परवडणारे नव्हते. तेव्हा एकाच यंत्रावरील जागा अनेकांनी वापरावी, या निकडीतून ही व्यवस्था जन्माला आली. त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीचे नेटवेअर आले, आणि त्याच सुमारास आयबीएममधील बॅरी फायगेनबाम यांनी फाईल वाटून घेण्याची जी संकेतपद्धती रचली, तिचीच सुधारित रूपे आजही बहुतेक कार्यालयांत वापरली जातात. पुढे १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी ‘सांबा’ ही विनामूल्य प्रणाली तयार केली. तिच्यामुळे महागडी खरेदी न करता, एखाद्या साध्या संगणकावरही सामायिक साठवण चालविता येऊ लागली. लहान कार्यालयांच्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट आहे. साठवण आज स्वस्त झाली आहे. म्हणून पहिले कारण उरलेले नाही. परंतु प्रत एकच राहावी हे दुसरे कारण आता पहिल्याहून महत्त्वाचे ठरले आहे.

दप्तराची आपली परंपरा

खरे पाहता ही शिस्त महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील कागद रुमालांत बांधून जतन केलेले आहेत. त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध झाले, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाला त्यायोगे भक्कम आधार मिळाला. हे घडू शकले ते कागद एका जागी, बांधून राखलेले होते म्हणून. त्या कागदांची प्रत्येक कारकुनाने आपापल्या घरी एकेक प्रत ठेवली असती आणि मूळ कागद कोठे याचा पत्ता नसता, तर आज आपल्या हाती काय लागले असते याची कल्पना करावी.

आपल्या शासकीय कार्यालयांत चालत आलेली सहा गठ्ठा पद्धतही आपणा सर्वांना ठाऊक आहे. कार्यवाहीत असलेली प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाची प्रकरणे, असे ते सहा गठ्ठे. ज्यांनी ही पद्धत बसविली त्यांच्यासमोर संगणक नव्हता. तरीही सामायिक ड्राइव्हची मांडणी कशी करावी, असा प्रश्न मला कोणी विचारला, तर मी याच पद्धतीकडे बोट दाखवीन. प्रत्येक शाखेचे एक फोल्डर, त्यात प्रत्येक विषयाचे एक फोल्डर आणि त्यात हे सहा कप्पे. नवा माणूस बदलीवर आला तरी त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही; कोणता कागद कोठे असावयास हवा हे त्याला आधीच माहीत असेल.

कप्पे फार खोलवर मात्र नेऊ नयेत. एकात एक अशी आठ-दहा फोल्डरे केली, तर शोधणारा थकतो. शिवाय विंडोज प्रणालीत फाईलच्या संपूर्ण पत्त्याची लांबी साधारणतः २६० अक्षरचिन्हांपर्यंतच चालते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जातात. त्यामुळे लांबलचक मराठी नावे दिल्यास ही मर्यादा आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर गाठली जाते.

नाव कसे द्यावे?

फाईलचे नाव हा विषय क्षुल्लक समजला जातो. पण बहुतेक गोंधळाचे मूळ तेथेच असते. ‘तक्ता’, ‘नवीन तक्ता’, ‘तक्ता अंतिम’, ‘तक्ता अंतिम सुधारित’ अशी नावे आपण सर्वांनी पाहिली आहेत. यांपैकी खरा अंतिम तक्ता कोणता, हे तो करणाऱ्याखेरीज कोणालाही सांगता येत नाही. आणि सहा महिन्यांनंतर त्यालाही येत नाही. यास्तव नावात तीन गोष्टी असाव्यात : विषय, गाव किंवा शाखा, आणि दिनांक. दिनांक लिहिताना वर्ष प्रथम, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, जसे २०२४-११-०५. संगणक नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला तर निरनिराळ्या वर्षांतील पाच तारखेचे सारे कागद एकत्र येतात आणि काळाचा क्रम बिघडतो. वर्ष आधी लिहिले म्हणजे क्रम आपोआप लागतो.

आणखी एक सूचना. अंक मराठी वापरावयाचे की इंग्रजी, हे कार्यालयाने एकदा ठरवावे आणि मग त्यात बदल करू नये. आपल्याला दोन्ही अंक एकच वाटतात; संगणकाच्या लेखी ती भिन्न चिन्हे आहेत. एकाने मराठी अंकांत नाव दिले आणि दुसऱ्याने इंग्रजी अंकांत शोध घेतला, तर समोर असलेली फाईलही सापडत नाही. त्याचप्रमाणे सामायिक जागेत ठेवावयाचा मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. पूर्वीच्या विशिष्ट फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निव्वळ निरर्थक चिन्हे होऊन दिसतो. कागद दिला खरा, पण वाचता येत नाही, अशी त्याची गत होते.

दोघांनी एकाच वेळी उघडल्यास

आता ज्या ठिकाणी पुष्कळजण अडखळतात, त्या मुद्द्याकडे वळतो. सामायिक जागेतील तक्ता एकाने बदल करण्यासाठी उघडला असेल आणि तेवढ्यात दुसऱ्याने तो उघडावयाचा प्रयत्न केला, तर पडद्यावर सूचना येते की, ही फाईल अमुक व्यक्ती वापरीत आहे, आपणांस ती केवळ वाचता येईल. पुष्कळांना ही अडवणूक वाटते. मग ते काय करतात? त्या फाईलची एक प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेतात आणि तिच्यात बदल करून ती नव्या नावाने ठेवून देतात. म्हणजे ज्या दोषातून सुटका व्हावी म्हणून ही सारी व्यवस्था केली, तो दोष पुन्हा मागील दाराने आत येतो.

ती सूचना अडवणूक नसून राखण आहे. तुमचे बदल तुमच्या सहकाऱ्याच्या बदलांवर लिहिले जाऊन त्याचे काम पुसले जाऊ नये, यासाठी ती असते. अशा वेळी उपाय एकच : ज्याचे नाव पडद्यावर दिसते त्याला विचारावे, त्याचे काम संपेपर्यंत थांबावे. आणि ज्याने फाईल उघडली आहे त्याचेही एक कर्तव्य आहे. काम संपताच ती बंद करावी. फाईल उघडी टाकून जेवणास जाणे म्हणजे नस्ती स्वतःच्या खणात कुलूपबंद करून जाणे होय. एकच तक्ता अनेकांना नित्य भरावा लागत असेल, तर तो गावनिहाय किंवा विषयनिहाय वेगळा करावा आणि एकत्रीकरणाचे काम एकाच नियुक्त माणसाकडे द्यावे.

कोणाला कोणता अधिकार?

सामायिक म्हणजे सर्वांना सर्व काही खुले, असा अर्थ नाही. कोणी केवळ वाचावे, कोणी बदल करावा आणि कोणाला ते फोल्डर दिसूही नये, हे सर्व्हरवर ठरवून देता येते. हे अधिकार व्यक्तीच्या नावाने न देता पदाच्या किंवा शाखेच्या गटाला द्यावेत. म्हणजे बदली झाली की माणूस एका गटातून काढून दुसऱ्या गटात घालणे एवढेच काम उरते. बदली होऊन गेलेल्या माणसाचा प्रवेश वर्षानुवर्षे चालू राहणे, ही कपाटाची किल्ली त्याच्या खिशात राहण्यासारखीच गोष्ट आहे. आपला परवलीचा शब्द शेजाऱ्याला सांगण्याची सवयही सोडली पाहिजे. त्यामुळे कोणता बदल कोणी केला, हे नंतर कळू शकत नाही, आणि संशय निरपराध माणसावर येतो.

लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, आजारासंबंधीची माहिती, ही लोकांनी विश्वासाने आपल्या स्वाधीन केलेली ठेव आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र अधिनियम संमत केला. परंतु कायदा नसता तरी, दुसऱ्याच्या घरची माहिती चव्हाट्यावर ठेवू नये, हा आपला जुनाच शिष्टाचार आहे. असे तक्ते ज्यांच्या कामाचे आहेत त्यांनाच दिसावेत.

राखण आणि जतन

प्रत एकच ठेवा, असे मी आतापर्यंत सांगत आलो. मग ती एकच प्रत नष्ट झाली तर? हा प्रश्न आपल्या मनात आला असेल आणि तो रास्त आहे.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या आगीत माणसांचे प्राण गेले, आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्त्या भस्मसात झाल्या. दुसरीकडे नक्कल नसलेला कागद जळाला की तो कायमचा गेला, हा धडा त्या दिवसाने दिला. संगणकावरील कागदाला आगीखेरीज इतरही शत्रू आहेत. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. फाईल वाटून घेण्याच्या त्याच जुन्या संकेतपद्धतीच्या एका आवृत्तीतील उणिवेचा फायदा घेऊन तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागत होता. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची बाधा झाली. इंग्लंडमधील सार्वजनिक रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही उणीव दूर करणारी दुरुस्ती त्यापूर्वी दोन महिने, मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झालेली होती. ज्यांनी ती वेळेवर बसविली, त्यांना या उणिवेचे भय उरले नव्हते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, संगणकाची अद्ययावत दुरुस्ती ‘नंतर करू’ म्हणून लांबणीवर टाकू नये. दुसरी, सामायिक ड्राइव्हची नक्कल नियमितपणे घेतली पाहिजे. जाणकारांचा ठोकताळा असा आहे की, एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी. ही नक्कल आणि मघाशी मी ज्यांना दोष म्हटले त्या मोकाट प्रती, यांत महत्त्वाचा फरक आहे. नक्कल कुलूपबंद असते. तिच्यात कोणी बदल करीत नाही. संकट आले तरच ती उघडावयाची असते. ती खरोखर उघडते की नाही, हे मात्र अधूनमधून पाहिले पाहिजे. संकटाच्या दिवशीच नक्कल निकामी असल्याचे कळणे, याहून मोठी निराशा नाही.

खोडून टाकण्याविषयीही एक सावधगिरीची सूचना देतो. आपल्या संगणकावरील फाईल खोडली, तर ती सामान्यतः कचरापेटीत जाते व तेथून परत आणता येते. सामायिक ड्राइव्हवरील फाईल खोडली, तर ती सहसा आपल्या कचरापेटीत येत नाही. ती थेट जाते. सर्व्हरवर तशी सोय किंवा नक्कल असेल तरच ती परत मिळते. म्हणून खोडण्याचा अधिकार मोजक्यांनाच असावा, आणि नष्ट करावयाच्या गठ्ठ्यातील कागदही अभिलेखांच्या वर्गवारीनुसार मुदत पाहूनच नष्ट करावेत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा केवळ कागदापुरता नाही. संगणकावरील अभिलेखही अभिलेखच होय.

कार्यालयाबाहेरचा माणूस

काही मित्र विचारतील की, आता ई-ऑफिस प्रणाली आली आहे, मग सामायिक ड्राइव्हची आवश्यकता काय? राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या त्या प्रणालीत टिप्पणी लिहिली जाते, मान्यता मिळते, निर्णयाची नोंद राहते. निर्णय तेथेच व्हावयास हवा. परंतु त्या निर्णयापूर्वीचे तक्ते, मसुदे, नकाशे, छायाचित्रे यांवर अनेक हातांनी काम करावे लागते. ते काम करण्याचे सामायिक टेबल म्हणजे हा ड्राइव्ह. काम पूर्ण झाले की अंतिम कागद प्रणालीत जावा. टेबलावर झालेली चर्चा ही निर्णयाची जागा घेऊ शकत नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध करून, सहज सापडतील अशा रीतीने ठेवावयाचे आहेत. नागरिकाने अर्ज केल्यावर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत त्याला माहिती द्यावी लागते. ज्या कार्यालयात कागद एका जागी, नीट नावाने ठेवलेला असतो, तेथे हे काम काही मिनिटांचे असते. ज्या कार्यालयात तो कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवर असतो आणि तो माणूस रजेवर असतो, तेथे तीस दिवसही अपुरे पडतात.

मित्रहो, हे सर्व करण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. संगणक आहेत, तारा बहुतेक ठिकाणी ओढलेल्या आहेत. गरज आहे ती एका बैठकीची. त्या बैठकीत शाखेतील सर्वांनी मिळून चार गोष्टी ठरवाव्यात : फोल्डरांची रचना, नावांची रीत, अधिकारांची वाटणी आणि नक्कल घेण्याची जबाबदारी. ठरलेले एका पानावर लिहून भिंतीवर लावावे. सुरुवात एकाच विषयापासून करावी. सर्वांच्या नित्य उपयोगाचा एखादा तक्ता घ्यावा आणि उद्यापासून तो फक्त सामायिक जागेतच राहील, असा निश्चय करावा. महिन्याभरात त्याची सवय होईल, मग दुसरा विषय घ्यावा.

असे झाले म्हणजे, आपले नाव यादीत आहे की नाही हे विचारण्यासाठी दहा कोस चालून आलेल्या माणसाला ‘साहेब रजेवर आहेत, उद्या या’ असे सांगावे लागणार नाही. समोर बसलेला कोणीही कर्मचारी यादी उघडेल, आणि ती यादी खरी असेल. एवढे झाले तरी या प्रशिक्षणाचे चीज झाले, असे मी समजेन.